दोघांनीच इमॅजिकाला जायचे आहे : ठाणे-नवी मुंबईकर जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात आम्ही पती-पत्नी आजवर सहा वेळा गेलो आहोत आणि त्यांपैकी चार वेळा फक्त दोघेच गेलो. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीतील नवविवाहित मंडळी, कार्यालयातील सहकारी आणि दोन्हीकडची भाचरे आम्हाला तेच ते प्रश्न विचारत असल्याने उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवावीत, असे ठरवले. तिकिटांचे दर आणि उद्यानाच्या वेळा येथे मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या हंगामानुसार बदलतात. आदल्या रात्री उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

ठाण्यात आणि नवी मुंबईत उद्याने असताना खोपोलीपर्यंत कशाला जायचे?

नेरूळचे वंडर्स पार्क, मानपाड्याची टिकुजिनीवाडी किंवा घोडबंदर रस्त्यावरचे सूरज वॉटर पार्क ही ठिकाणे आपल्या जागी चांगलीच आहेत. वंडर्स पार्कमध्ये जगातील आश्चर्यांच्या प्रतिकृती पाहत संध्याकाळ सुखाने जाते आणि खिसाही फारसा हलका होत नाही. मात्र सकाळी निघून रात्री परतायचे, मधल्या वेळात घर, कार्यालय आणि नातेवाईक यांपैकी कशाचाही विचार करायचा नाही, असा दिवस हवा असेल तर अंतर हवे. आमच्या आई-वडिलांच्या पिढीला हे अंतर गोराईच्या खाडीने दिले. १९८९ मध्ये सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डला जाताना मध्ये होडीत बसावे लागे आणि ती होडीच अर्धी सहल असे. आमच्या पिढीसाठी ते काम खालापूर तालुक्याने केले. मनमोहन शेट्टी यांनी उभारलेले हे उद्यान एप्रिल २०१३ मध्ये ‘अॅडलॅब्ज इमॅजिका’ या नावाने सुरू झाले आणि २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेले.

कोणता दिवस निवडावा?

शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिना टाळावा, हे सर्वांनाच ठाऊक असते. ज्याकडे दुर्लक्ष होते ती गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम असते म्हणून लोक कार्यालयातून मधल्या वाराची रजा काढून जातात आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळांच्या सहली येतात. आम्ही एकदा जानेवारीतल्या बुधवारी ‘आज शुकशुकाट असणार’ अशा खात्रीने पोहोचलो, तर वाहनतळावर शाळांच्या बसगाड्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येक रांगेत आमच्या पुढे एकाच रंगाच्या टोप्या घातलेली चाळीस-पन्नास मुले होती. त्यापेक्षा दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतानाचा मधला वार आम्हाला अधिक लाभला आहे. दुपारी ऊन लागते, हे खरे. पण बंदिस्त आणि वातानुकूलित राइड नेमक्या त्या वेळेसाठी राखून ठेवता येतात.

लोकलने जावे की स्वतःच्या गाडीने?

ठाण्याच्या माणसाने लोकलचा विचार अवश्य करावा. थेट खोपोली लोकल मोजक्याच आहेत; ती वेळ जुळली नाही तर कर्जतला उतरून खोपोलीची गाडी धरावी लागते. कर्जतच्या पुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली अशी पाच छोटी स्थानके आहेत आणि या एकेरी मार्गावर दोन गाड्यांमधले अंतर मोठे असते. त्यामुळे ठाण्याहून निघण्याची वेळ ठरवताना कर्जत-खोपोलीचे वेळापत्रक आधी पाहावे आणि त्यावरून मागे मोजत यावे. नवी मुंबईकरांना आधी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला जाऊन मग कर्जतच्या दिशेने यावे लागते, म्हणजे कान सरळ न धरता डोक्यामागून हात नेऊन धरण्यासारखे होते. त्यांना रस्ताच बरा. खोपोली स्थानकाबाहेर रिक्षा मिळतात, पण भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे आणि परतीसाठी त्याच चालकाचा मोबाइल क्रमांक घेऊन ठेवावा.

गाडीने जाणाऱ्या ठाणेकरांची खरी परीक्षा द्रुतगती मार्गावर होत नाही, ती मुंब्रा बाह्यवळण आणि शिळफाटा येथे होते. अवजड वाहनांची तेथील रांग लागण्यापूर्वी, म्हणजे सातच्या आत, तो टप्पा ओलांडता आला तर पुढे कळंबोलीपासून रस्ता मोकळा मिळतो. खोपोली-पालीची पाटी डोळ्यांत तेल घालून पाहावी, कारण ती चुकली की गाडी बोरघाट चढू लागते आणि मग लोणावळ्याच्या हवेचे कौतुक करण्यावाचून हाती काही उरत नाही. दोघांपैकी जो गाडी चालवत नाही, त्याने मोबाइल बाजूला ठेवून पाट्या वाचाव्यात, एवढा नियम आम्ही केला आहे.

सहल नेणाऱ्यांच्या बसने गेले तर?

सोय असते, परंतु दिवस आपला राहत नाही. एकदा आम्ही अशा एका व्यवस्थापकाकडे पैसे भरले होते. तीन हात नाक्यावर सकाळी सात वाजता येणारी बस सव्वाआठला आली, त्यानंतर ती मुलुंडचे प्रवासी घेण्यासाठी उलट्या दिशेने गेली आणि आम्ही उद्यानात शिरलो तेव्हा सर्वांत मोठ्या राइडची रांग इमारतीबाहेर आलेली होती. सकाळचा पहिला तास हा त्या दिवसातला सर्वांत मोलाचा तास असतो आणि तो दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असे आमचे मत तेव्हापासून पक्के झाले.

सकाळी काय खावे?

पोट अगदी रिकामे नसावे आणि तुडुंब भरलेलेही नसावे. घरून उपमा, धिरडे किंवा पोळीचा लाडू असे काही खाऊन निघावे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाणाऱ्यांना खोपोलीतला वडा खुणावतो. तो परतीच्या वाटेवर खावा. मिसळीचा बेत त्या दिवशी नको, कारण तर्री आणि रोलर कोस्टर यांचे जमत नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ उद्यानात नेऊ देत नाहीत, त्यामुळे डब्याचा आग्रह धरणाऱ्या सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवले तर प्रवेशद्वारापाशी थालीपीठ टाकून देण्याची वेळ येत नाही. दुपारचे जेवण साडेबारापूर्वी किंवा अडीचनंतर घ्यावे. मधल्या वेळेत जेवणाच्या रांगा राइडच्या रांगांशी स्पर्धा करतात.

दोघांपैकी एकाला राइडची हौस आहे आणि दुसऱ्याला भीती वाटते. काय करावे?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक विचारला जातो आणि बहुधा आवाज खाली घेऊन विचारला जातो. आमच्या घरात घाबरणारी व्यक्ती मी आहे, ती नव्हे, हे आधीच नमूद केलेले बरे.

पहिल्या वेळी माझ्या पत्नीने मला थेट ‘नायट्रो’कडे नेले. या रोलर कोस्टरची उंची सुमारे ४० मीटर आहे, म्हणजे घोडबंदर रस्त्यावरच्या बारा-तेरा मजली इमारतीएवढी. वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे ज्या द्रुतगती मार्गाने आपण येतो त्याच्या कमाल मर्यादेहूनही अधिक. आणि वाटेत ती माणसाला पाच वेळा उलटे करते. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड या कंपनीची ही रचना असून आसनांखाली तळ नसल्यामुळे पाय अधांतरी लोंबत राहतात. मी बसलो, डोळे मिटले आणि उतरल्यावर पुढचे दोन तास कोणाशीही बोललो नाही. राइडमध्ये किंवा यंत्रात काहीच दोष नव्हता. चूक क्रमाची होती.

दुसऱ्या वेळी आम्ही क्रम बदलला. आधी ‘गोल्ड रश एक्सप्रेस’, जी कुटुंबांसाठीची सौम्य रोलर कोस्टर आहे. मग होडीतून शेवटी पाण्यात कोसळणारी ‘राजासॉरस’. मग अंधारात धावणारी ‘डीप स्पेस’. आणि त्यानंतर ‘नायट्रो’पाशी जाऊन पंधरा मिनिटे नुसते खाली उभे राहणे. या शेवटच्या पायरीचा मला जितका उपयोग झाला, तितका कोणाच्याही धीर देण्याचा झाला नाही. चार-पाच फेऱ्या डोळ्यांनी पाहिल्या की फेरी दोन-तीन मिनिटांत संपते, हे शरीरालाही कळते. चढावर जो टकटक आवाज ऐकू येतो आणि ज्याने माझ्या पोटात गोळा येत असे, तो गाडी मागे घसरू नये म्हणून असलेल्या खिटीचा आवाज असतो. साखळी गाडीला शिखरापर्यंत ओढून नेते आणि तेथून पुढे इंजिन वगैरे काही नसते. सगळा प्रवास उंचीवरून मिळालेल्या वेगाच्या बळावर होतो. आपल्याला घाबरवणारा आवाज हाच आपल्याला धरून ठेवणाऱ्या भागाचा आहे, हे समजल्यानंतर मी तो मोजू लागलो आणि मोजता मोजता शिखर आले.

हौशी जोडीदारासाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ‘नको’ हे उत्तर रांगेत उभे राहिल्यानंतरही, अगदी आसनाजवळ पोहोचल्यावरही, विनातक्रार मान्य करावे. बसण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट असते आणि तेथील कर्मचाऱ्यांना अशा माणसांची सवय असते. दुसरी गोष्ट म्हणजे घाबरलेल्या माणसाचे चित्रीकरण करून ते कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यात तेवढ्यावरून आठवडाभर अबोला होता.

ज्याला बसायचेच नाही, त्यानेही मन मारून बाकावर बसून राहण्याचे कारण नाही. ‘अलिबाबा और चालीस चोर’ या राइडमध्ये हातातल्या बंदुकीने नेम साधून गुण मिळवायचे असतात. तेथे उंची नाही आणि वेगही नाही, पण चुरस भरपूर आहे. ‘नायट्रो’ने गमावलेली पत मी तेथे व्याजासह परत मिळवतो.

पुढच्या रांगेत बसावे की मागच्या?

पुढे बसल्यास समोर कोणी नसते, त्यामुळे दृश्य आणि वारा पूर्ण मिळतो आणि उतारावर येताना गाडी क्षणभर अडखळल्यासारखी वाटते. मागे बसल्यास गाडीचा पुढचा भाग आधीच खाली ओढला जात असल्याने शेवटचे आसन शिखर अधिक वेगाने ओलांडते आणि अंग आसनावरून उचलल्याची भावना जास्त येते. घाबरणाऱ्यांनी मध्यभाग निवडावा.

मळमळ होते, उपाय आहे का?

आहे, आणि तो कारण समजून घेतल्यावर सोपा होतो. कानाच्या आतील द्रवाने भरलेल्या नलिका शरीराची हालचाल मेंदूला कळवत असतात आणि डोळे आपले वेगळे वृत्त देत असतात. ही दोन वृत्ते जुळली नाहीत की मळमळ सुरू होते. म्हणून रोलर कोस्टरवर डोळे उघडे ठेवून पुढच्या रुळाकडे पाहावे आणि पडद्यासमोर आसन हलणाऱ्या राइडमध्ये मात्र त्रास होऊ लागताच डोळे मिटावेत. माझ्या पहिल्या अनुभवातली अर्धी चूक ‘नायट्रो’वर डोळे मिटण्याची होती, हे मला फार उशिरा कळले. आम्ही खिशात आलेपाकाच्या दोन-चार वड्या ठेवतो. गोळी घ्यायचीच असल्यास ती डॉक्टरांना विचारून आणि राइडच्या बरीच आधी घ्यावी लागते. अशा गोळ्यांनी झोप येत असल्यामुळे परतीच्या वेळी गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

मंगळसूत्र, बांगड्या, चष्मा आणि मोबाइल यांचे काय करायचे?

सर्वांत उत्तम म्हणजे सोने घरी ठेवून यावे. तरीही पुष्कळ जणींना मंगळसूत्र काढून ठेवणे प्रशस्त वाटत नाही आणि त्या भावनेशी वाद घालण्यात अर्थ नाही. माझ्या पत्नीने पहिल्या वेळी ते नुसतेच कुर्त्याच्या आत सरकवले होते. पहिल्याच उलट्या वळणात ते बाहेर आले, वाट्या हनुवटीवर आपटल्या आणि उतरल्यावर हनुवटीच्या खाली डाळीएवढी लाल खूण दिसत होती. सुदैवाने सर तुटला नाही. आता ती आखूड मंगळसूत्र घालते, ते मानेलगत दोन ठिकाणी लहान सेफ्टी पिनांनी कुर्त्याच्या आतल्या शिलाईला टाचते आणि वरून ओढणी घेत नाही. काचेच्या बांगड्या मात्र नकोतच. नव्या नवरीचा चुडा असेल तर सहल महिनाभर पुढे ढकलणे उत्तम.

चष्म्यासाठी मागे बांधायची रबरी दोरी दुकानात सहज मिळते. मोबाइल, पाकीट आणि गाडीची किल्ली लॉकरमध्ये ठेवावी. किल्लीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पायात बंद बूट असावेत, कारण सैल चप्पल काढून ठेवावी लागते आणि अनवाणी पायाला फलाटाची उन्हात तापलेली फरशी चांगलीच कळते.

वॉटर पार्क त्याच दिवशी उरकता येईल का?

येत नाही. त्याचे तिकीट वेगळे असते, तेथे नायलॉनचाच पोशाख लागतो आणि कपडे बदलण्यात, केस वाळवण्यात दिवसाचा बराच भाग जातो. दोन्ही करायचे असल्यास मुक्काम करावा. उद्यानाला लागूनच नोवोटेल आहे.

लग्न झालेले नाही. प्रवेशाला अडचण येते का?

प्रवेशद्वारावर तिकीट पाहतात, नाते विचारत नाहीत. खरी अडचण डोंबिवलीची मावशी त्याच दिवशी तेथे येण्याची असते आणि त्यावर आमच्यापाशी उपाय नाही.

गरोदरपणात जावे का?

वेगाच्या, झटक्यांच्या आणि उंचावरून कोसळणाऱ्या राइडमध्ये गरोदर स्त्रियांनी मुळीच बसू नये. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान-पाठीचे दुखणे आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनाही हाच नियम लागू आहे. प्रत्येक राइडच्या तोंडाशी तसा फलक असतो आणि तो सर्वांनी वाचावा. दिवस अगदी सुरुवातीचे असतील आणि घरी अजून सांगितले नसेल, तर मित्रमंडळींसोबतच्या सहलीत ‘आज का बसत नाहीस’ या प्रश्नाला उत्तर देताना तारांबळ उडते. अशा वेळी दोघांनीच जावे किंवा पाठदुखीचे निमित्त आधीच पेरून ठेवावे.

पावसाळ्यात जाणे कितपत योग्य आहे?

खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे आणि घाटावर अडणारे ढग तेथे मनसोक्त रिकामे होतात. याच पावसाचे पाणी घाटमाथ्यावरच्या तलावांत साठवून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीत वीजनिर्मिती सुरू केली आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. यावरून पावसाचा अंदाज यावा. जोराच्या सरी किंवा विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात आणि पाऊस थांबल्यानंतरही त्या लगेच सुरू होत नाहीत. उलट डोंगर हिरवेगार असतात, सगळीकडून धबधबे दिसतात आणि गर्दी कमी असते. केवळ ‘नायट्रो’साठी जाणाऱ्यांनी जुलै टाळावा, एकमेकांसोबत भिजायला जाणाऱ्यांनी टाळू नये.

रांगेत इतका वेळ काय करायचे?

गर्दीच्या दिवशी राइडवर घालवलेल्या मिनिटांची बेरीज अर्ध्या-पाऊण तासापेक्षा फार अधिक भरत नाही. उरलेला दिवस रांगेत, चालण्यात आणि सावली शोधण्यात जातो. त्यामुळे सोबत कोणाची आहे, यावर दिवस ठरतो. मोबाइल लॉकरमध्ये असल्यामुळे बोलण्यावाचून गत्यंतर नसते. ऐरोलीतले घर विकून बदलापूरला मोठे घर घ्यावे की नाही, हा आमच्याकडे दोन वर्षे रेंगाळलेला विषय ‘डीप स्पेस’च्या रांगेत चाळीस मिनिटांत निकाली निघाला. (घेतले नाही.) रांग टाळणारे महागडे तिकीटही मिळते. गर्दीच्या दिवशी ते उपयोगी पडते; मधल्या वारी मात्र ते पैसे वाया जातात.

‘राजासॉरस’ हा प्राणी खरा होता का?

होता. गुजरातमध्ये नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या हाडांवरून त्याचे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे नाव मिळाले. तो मांसाहारी होता आणि त्याच्या कवटीवर आखूड शिंगासारखा उंचवटा होता. होडी शेवटी पाण्यात कोसळते तेव्हा पहिल्या ओळीतील दोघे नखशिखान्त भिजतात; म्हणून ही राइड दुपारी तीनपूर्वी घ्यावी, म्हणजे कपडे अंगावरच वाळतात.

जाता-येता देवदर्शन होईल का?

महडचा वरदविनायक खोपोलीच्या अलीकडे, जुन्या महामार्गापासून थोडे आत आहे. हे मंदिर सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ मध्ये बांधले, असे सांगतात. सकाळी सातच्या सुमारास गेल्यास दर्शन घेऊन वेळेत उद्यानात पोहोचता येते, मात्र संकष्टीला आणि मंगळवारी हा बेत करू नये. पालीचा बल्लाळेश्वर उद्यानाच्या पुढे त्याच रस्त्यावर असला तरी एका दिवसात दोन्ही जमवू पाहणाऱ्यांना धड देव भेटत नाही आणि धड राइडही मिळत नाही. शिवाय घरी ‘पालीला जाऊन येतो’ एवढेच सांगून निघालेल्यांनी परतताना प्रसाद आणायला विसरू नये. आम्ही एकदा विसरलो होतो.

परतीला कधी निघावे?

लोकलने आलेल्यांनी खोपोलीहून सुटणाऱ्या संध्याकाळच्या गाड्यांची वेळ सकाळीच कागदावर लिहून घ्यावी, कारण दिवसभरात मोबाइलची बॅटरी संपलेली असते आणि एक गाडी चुकली तर पुढचीसाठी फलाटावर फार वेळ काढावा लागतो. रिक्षाचालकाला गाडीच्या वेळेपूर्वी पाऊण तास बोलवावे.

गाडीने आलेल्यांनी उद्यान बंद होण्याच्या क्षणी निघू नये. त्या वेळी वाहनतळातून बाहेर पडायलाच बराच वेळ लागतो. एकतर अर्धा तास आधी निघावे, नाहीतर चहा घेऊन अर्धा तास नंतर. आम्ही नंतर निघतो. ओले बूट पायांतून काढून मागच्या आसनाखाली वर्तमानपत्रावर ठेवतो, स्लिपर घालतो आणि गाडी सुरू करण्यापूर्वी पत्नी मंगळसूत्राच्या पिना काढून डॅशबोर्डवरच्या डबीत टाकते. कळंबोलीपर्यंत ती बहुधा झोपलेली असते. शिळफाट्याचा ट्रकांचा भोंगा तिला उठवतो.